गोवा विधानसभेच्या कमिटीकडे कागद घेऊन जाताय? आधी या चुका टाळा

आमच्या वाड्यावर खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला, मानशीची (खाडीचं पाणी अडवायच्या-सोडायच्या झडपेची) दारं कुजलेली, खारं पाणी थेट शेतात. मग आम्ही चौघांनी बसून तीन पानी अर्ज लिहिला आणि वर ठोकून दिलं, 'विधानसभा समितीचे माननीय मंत्री यांस'. नशीब, द्यायच्या आधी शेजारच्या काकांनी वाचला, सगळी नोकरी सरकारी फायलींत गेलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "कुठची समिती रे? आणि समितीला मंत्री कधीपासून असायला लागला?" तिथून पुढचे दोन तास आमची शाळाच घेतली त्यांनी. तेव्हा कळलं ते लिहितोय, कारण या चुका बहुतेक सगळेच करतात.

सगळ्यात पहिली चूक मराठीमुळेच होते म्हणा ना. मराठीत शोधलं की समोर येतं ते सगळं महाराष्ट्राचं. मुंबईच्या बातम्यांत 'नियम २९३ अन्वये चर्चा' ऐकून आमच्यातल्या एकाने तोच आकडा अर्जात घातला होता! प्रत्येक विधानसभेचं नियमांचं पुस्तक वेगळं असतं, सारख्या विषयाचा नियम दुसरीकडे भलत्याच नंबरवर असतो, तेव्हा गोव्याचंच पुस्तक उघडा. शब्दांचीही तीच गत. महाराष्ट्रात विधानसभेला अध्यक्ष आणि विधान परिषदेला सभापती. आपल्याकडे परिषदच नाही, चाळीस आमदारांचं एकच सभागृह, आणि त्याचा प्रमुख तो सभापती. 'अध्यक्ष' लिहिलंत तर कमिटीचा अध्यक्ष की कोण, असा घोळ होतो.

दुसरी चूक, 'नियम' म्हटलं की एकच पुस्तक समजायचं. दोन आहेत. सभागृह कसं चालणार, प्रश्न कसे विचारायचे, कमिट्या कशा नेमायच्या हे सभागृह स्वतः ठरवतं, घटनेच्या कलम २०८ खाली. आणि कुठलं खातं कुठल्या मंत्र्याकडे, फाईल कुणाच्या सहीने पुढे जाते ते सरकारचे कामकाज नियम, ते कलम १६६ खाली राज्यपालांच्या नावाने निघतात. फाईल अडलीय आणि तुम्ही सभागृहाचे नियम चाळत बसलात तर दिवस फुकट. पत्त्याचंही तसंच, सरकारचं सचिवालय पणजीजवळच्या पर्वरीला, विधानसभाही पर्वरीला, म्हणून लोक कागद कुठेही देऊन मोकळे होतात, पण विधिमंडळाचा सचिव आणि स्टाफ घटनेनेच वेगळा ठेवलाय. शिक्का कुणाचा बसला ते तिथेच उभं राहून बघा.

आता हे नियम बदलतात कसे? 'बिल आणा ना मग' असं काही जण म्हणतात. बिल लागत नाही, राज्यपालांची सहीही लागत नाही. आमदारांचीच एक नियम समिती असते, ती सुधारणा सुचवते, ते सभागृहासमोर ठेवतात, हरकती असतील तर तिथेच निस्तरतात. मात्र नियम घटनेच्या वर नाहीत. गणसंख्येचंच, म्हणजे बैठक चालायला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीचंच घ्या, घटना म्हणते दहा आमदार किंवा एक दशांश, जे जास्त असेल ते. चाळीसचा दशांश चार, म्हणून आपल्याकडे दहा. हे बदलायचं तर कायदाच करावा लागेल, नुसत्या नियमाने चार करता येणार नाहीत. आणि 'नियम मोडला, कोर्टात जातो' म्हणत धावायच्या आधी कलम २१२ वाचा: कामकाजाच्या पद्धतीत गफलत झाली एवढ्याच कारणावर कोर्ट सभागृहाचं काम तपासत नाही. घटनाच मोडली असेल तर गोष्ट वेगळी.

कमिट्यांचा गोंधळ मात्र भारी आहे. कुठलंही प्रकरण निघालं की 'हाउस कमिटी नेमा' आणि 'सिलेक्ट कमिटीकडे पाठवा' एका दमात. हाउस कमिटी म्हणजे एखादं प्रकरण तपासायला सभागृहाने नेमलेली आमदारांची समिती. सिलेक्ट म्हणजे चिकित्सा समिती, ती एका बिलापुरती, अहवाल दिला की तिचं काम संपलं. जुलै २०२१ च्या तीन दिवसांच्या अधिवेशनात शेवटच्या दिवशी भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक (बरीच वर्षं राहणाऱ्यांना घराची मालकी देणारं) मंजूर झालं तेव्हा विरोधक चिडले होते ते याचसाठी, की एवढ्या मोठ्या विषयाची आधी चिकित्सा नको का? बाहेर लोक भडकले आणि शेवटी सरकारलाच पाय मागे घ्यावा लागला. पण तुमचा बांध, रस्ता, नळ यासाठी चिकित्सा समिती मागू नका, तिथे बिलच नाही तर चिकित्सा कसली करणार!

लोकलेखा समिती, आपण पीएसी म्हणतो ती, मुख्यतः कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून खर्चाचा हिशेब तपासते. याचिका समितीकडे नागरिकाचा अर्ज जाऊ शकतो, पण सभागृहात मांडतो आमदार, तेव्हा त्याला आधी गाठा. आणि जिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं ती आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला तो पाळला का, एवढंच ती बघते. आमच्या बांधाचं नेमकं तेच निघालं! काकांनी जुनी उत्तरं काढायला लावली, तर एका एलएक्यूच्या, म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात छापलेलं होतं की दुरुस्ती हाती घेण्यात येईल. तीन पानं रडगाणं लिहिण्यापेक्षा ती एक ओळ, प्रश्नाचा नंबर आणि तारीख जास्त कामाची. नुसतं पेपरात किंवा गावच्या सभेत दिलेलं वचन या समितीपुढे चालत नाही हं, सभागृहातलंच लागतं.

कमिटीचा अहवाल म्हणजे निकाल, हाही गैरसमज सोडा. २०११ मध्ये मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते आणि पीएसीचे अध्यक्ष होते, बेकायदा खाणींवर अहवाल तयार झाला, पण सत्ताधारी सदस्यांच्या सह्याच नाहीत. मग तो कमिटीचा अहवाल मानायचा की नाही यावरूनच रणकंदन. म्हणजे सगळ्यांच्या सह्या मिळवणं हीच अर्धी लढाई, आणि मिळाल्या तरी ती शिफारसच, अंमलबजावणी सरकारने करायची. तुम्ही विचारायचं ते हेच, अहवाल सभागृहात मांडला का आणि सरकारने त्यावर काय केलं.

एक छोटी गोष्ट राहिली, वेळ. अधिवेशन संस्थगित झालं, म्हणजे रीतसर संपवलं, म्हणून पडून असलेलं बिल मरत नाही, पण विधानसभा विसर्जित झाली की सभागृहातलं बिल जातं आणि त्याबरोबर कमिट्याही. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज देऊन पावती जपून ठेवणारे खूप पाहिलेत, नवीन सभागृहात पुन्हा पहिल्यापासून.

आमचा अर्ज आता दीड पानाचा झालाय. उत्तराची झेरॉक्स आणि कुजलेल्या दारांचा फोटो जोडलाय, 'मंत्री यांस' खोडून 'अध्यक्ष, आश्वासन समिती' लिहिलंय. काकांनी शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्यात, त्या दुरुस्त करून सोमवारी पर्वरीला.