अठ्ठेचाळीसचे चौऱ्याऐंशी: दोन अंकी संख्या शिकवताना या चुका टाळा

नवी मुंबईत नेरुळला, सीवूड्सच्या सेक्टर ४८ मधलं मूल वहीवर पत्ता लिहिताना ‘सेक्टर ८४’ लिहितं आणि घरचे ओरडतात, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ अख्खं नेरुळ पालथं घातलं तरी ८४ सेक्टर सापडायचा नाही, हे खरं. पण ‘अठ्ठेचाळीस’मध्ये आधी आठ ऐकू येतो, मग चाळीस. पोराने ऐकलं तसं लिहिलं.

अशा वेळी शिक्षा म्हणून १ ते १०० उतरवायला लावू नका. मूल काय करतं बघा: डावीकडे ओळीने ४, ४, ४ खाली उतरवतं, मग उजवीकडे १, २, ३ भरत जातं. पान भरतं, संख्या एकदाही मनात येत नाही. त्यापेक्षा आइसक्रीमच्या काड्या घ्या. दहा-दहा मोजून रबरबँड मुलानेच लावायचं, तयार गठ्ठे देऊ नका. चार गठ्ठे डावीकडे, आठ सुट्या उजवीकडे. मांडून झाल्यावरच लिहायचं. मग ४८ मधल्या ४ वर बोट ठेवून म्हणा, ‘एवढ्या काड्या दे.’ चारच काड्या हातात आल्या, तर एकक-दशकाचे रकाने भरता येत असले तरी स्थानिक किंमत कळलेली नाही. पुढे ४२ – १८ चं उत्तर ३६ येतं ते यामुळेच: दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले. तिथे ‘हातचा घे’ असं बजावण्याऐवजी एक गठ्ठा सोडायला लावा.

एकोणतीसचे ३९ होणं हा वेगळा घोटाळा. ‘तीसला एक कमी’ असं म्हणवून घ्या. (नव्व्याण्णव मात्र या चालीत बसत नाही, ते सरळ पाठ करावं.)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ते सुरुवातीला कामाचं वाटतं. फक्त ‘वीस पाच’ ऐकून काही मुलं २०५ लिहितात. त्यासाठी २० चं कार्ड ठेवा आणि त्यातल्या शून्यावर ५ चं कार्ड मुलाला स्वतः झाकू द्या. मग त्याच २५ ला ‘पंचवीस’ म्हणवून घ्या.