ऑपरेशननंतर पाच वाजता खारी-क्रीमरोलची तलफ येते? प्रोटीन शेक घेताना या चुका टाळा

संध्याकाळचे साडेचार-पाच वाजतात. अमृततुल्यच्या काउंटरवर आल्याचा चहा उकळत असतो, शेजारच्या बरणीत खारी आणि क्रीमरोल असतात. वजन कमी करण्यासाठी जठराचं स्लीव्ह किंवा बायपास हे ऑपरेशन होऊन सात-आठ महिने झालेल्या माणसाची गाडी पुण्यात बहुतेक वेळा घसरते ती इथे. सकाळचा नाश्ता मोजून झालेला असतो, दुपारचा डबाही. पण पाचला तलफ येते, ती अंड्याची किंवा पनीरची नसते. मैदा, साखर नाहीतर तळलेला बटाटा, यांचीच असते.

यात मनाच्या कमकुवतपणाचा भाग लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भाग काढून टाकतात, म्हणून पहिले काही महिने भूक आठवावी लागते. पुढे अनेकांची भूक हळूहळू परत येते आणि नेमकी तेव्हाच शिस्त सैल झालेली असते. त्यात खारी, चिवडा, फरसाण, बिस्किटं हे पदार्थ चावताच लगदा होतात आणि उरलेल्या छोट्या जठरातून चहाबरोबर सरळ खाली उतरतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचतच नाही. अर्धी वाटी उसळ खाल्ल्यावर ‘बास’ म्हणणारा माणूस अख्खं खारीचं पाकीट संपवू शकतो, ते यामुळे.

प्रोटीन शेक इथे खरोखर कामाला येतो. मात्र वेळ, डबा, माप आणि पिण्याची पद्धत चुकली तर शेक पोटात जातो आणि तलफ तशीच राहते.

तलफ आल्यावर शेक घेणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पाचला खारी डोळ्यांसमोर नाचायला लागली की लोक शेकर शोधतात. पाणी आणायचं, पावडर घालायची, हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग घोट घोट प्यायचं, यात पाऊण तास सहज जातो. चहावाला तेवढा थांबत नाही.

तलफेला वेळापत्रक असतं, ते आधी शोधा. चार-पाच दिवस मोबाइलमध्ये फक्त दोन गोष्टी टिपा: किती वाजता इच्छा झाली आणि त्याआधी शेवटचं काय, किती वाजता खाल्लं. बहुतेकांना दिसतं की जेवण एकला झालेलं असतं, पाचपर्यंत चार तास पोटात काही नसतं आणि पाणीही विसरलेलं असतं. शेक त्या वेळेच्या तासभर आधी सुरू करायचा. पाचची तलफ असेल तर चारला पहिला घोट. हिंजवडीहून कोथरूडला परतताना ट्रॅफिकमध्ये तलफ येत असेल तर निघण्याआधी शेक संपलेला हवा. नाहीतर चांदणी चौकाच्या अलीकडेच वडापावची गाडी दिसते.

रात्री साडेदहाला टीव्हीसमोर येणारी तलफ मात्र वेगळी. तिच्यामागे अनेकदा दिवसभरात प्रोटीन कमी पडलेलं असतं किंवा झोप उडालेली असते. त्या वेळी शेक पिऊन लगेच आडवं झालं तर स्लीव्ह झालेल्यांना छातीत जळजळ होते. शेवटचा घोट आणि झोप यांत दोन तास ठेवा.

चुकीचा डबा

‘प्रोटीन’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला प्रत्येक डबा तुमच्या कामाचा नसतो. मागची बाजू वाचा आणि एकच भागाकार करा: एका मापात किती ग्रॅम प्रोटीन, भागिले त्या मापाचं वजन. ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ८० टक्के, चांगलं. ७५ ग्रॅमच्या मापात १५ ग्रॅम म्हणजे २० टक्के, आणि उरलेलं बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) किंवा साखर. अशा मास गेनरमधलं, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीतलं, माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड लागत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वर नेतं. कार्बची (पिष्ट आणि साखरेची) तलफ मारायला कार्बच प्यायल्यासारखं झालं. एका मापात कार्ब पाच ग्रॅमच्या आत आणि साखर दोन ग्रॅमच्या आत हवी.

मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी या हिशेबात बसत नाहीत. नुसतं कोलॅजेनही नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे स्नायू टिकवण्याचं काम त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही. सातूचं पीठ पौष्टिक खरं, पण त्यात प्रोटीनच्या अडीच-तीनपट कार्ब असतात.

ज्यूस सेंटरच्या बोर्डावरचा ‘प्रोटीन शेक’ तर आणखी वेगळा प्राणी. केळं, खजूर, मध, फुल क्रीम दूध आणि वर चमचाभर पावडर. हिशेबाने तो मस्तानीचाच चुलतभाऊ. बायपास झालेल्यांना असा ग्लास वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब देऊ शकतो. याला डम्पिंग म्हणतात.

डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि शाबूत सील बघून घ्या. आणि डब्यातल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर फार विसंबू नका. दाबून भरला की माप वाढतं, सैल भरला की कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ३० ग्रॅम तोलून पाहा आणि चमच्यावर पेनाने रेघ मारा.

गटागट पिणं, जेवताना पिणं

स्लीव्हनंतर जठराची जागा साधारण १०० ते १५० मिली उरते, बायपासमध्ये जठराचा जो छोटा कप्पा (पाऊच) ठेवतात तो सुरुवातीला ३० मिलीच्या आसपास असतो. त्यात २५० मिली शेक पाच मिनिटांत ओतला की छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ पाणी सुटतं आणि उलटी होते. मग ‘मला शेक सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि डबा कपाटात मागे जातो. दोष पावडरचा नसतो, वेगाचा असतो.

पहिल्या काही आठवड्यांत, द्रव आहाराच्या टप्प्यात, औषधाच्या बाटलीचं ३० मिलीचं टोपण वापरा: एक टोपण, पंधरा मिनिटांत. पुढे तीन महिन्यांनंतरही २०० मिलीला किमान अर्धा तास लावा. स्ट्रॉ नको, तिच्यातून हवा जाते.

जेवणाच्या ताटाशेजारी शेक ठेवणंही नको. द्रव आणि घन यांत अर्ध्या तासाचं अंतर, हा नियम शेकलाही लागू. जेवणाबरोबर प्यायलं की एकतर जागा उरत नाही, किंवा घास पातळ होऊन लवकर खाली सरकतो आणि तासाभरात पुन्हा खा-खा.

गुठळ्या, फेस आणि ‘तोच तो व्हॅनिला’

शेकरमध्ये आधी पावडर टाकली तर ती तळाशी चिकटते. आधी १५० मिली गार पाणी, मग पावडर, मग तारेचा गोळा. वीस सेकंद हलवा आणि झाकण उघडून दहा मिनिटं ठेवून द्या. ही दहा मिनिटं कंटाळवाणी असतात आणि सगळ्यात उपयोगाचीही. वरचा फेस म्हणजे हवा, ती पोटात गेली की फुगारा आणि ढेकर. उरलेला फेस चमच्याने काढून टाका.

व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन, गरम चहात किंवा उकळत्या वरणात घातलं तर फाटल्यासारखं होतं, रबरी कण पडतात. प्रोटीन नष्ट होत नाही, पण घशाखाली उतरत नाही. वरणात घालायचंच असेल तर बिनचवीची पावडर दोन चमचे गार पाण्यात कालवून तिची पेस्ट करा, आणि वरणात बोट सहज बुडवता येईल इतकं ते निवलं की मिसळा.

ऑपरेशननंतर चव आणि वास दोन्ही बदलतात. पूर्वी आवडलेलं चॉकलेट महिन्याभरात नकोसं होतं. एकदम दोन किलोचा डबा घेऊ नका, सुटी पाकिटं आणून पाहा. शिवाय रोज चार वाजता अतिगोड काहीतरी पिण्याची सवय लागली की गोडाची ओढ सुटायची लांबतेच. आमचं मत विचाराल तर मराठी जिभेला खारट शेक जास्त दिवस टिकतो: बिनचवीचं व्हे आयसोलेट ३० ग्रॅम, पातळ ताक १५० मिली, चिमूटभर जिरेपूड, सैंधव, हाताने चुरलेला पुदिना. मिरची नको. वडापावच्या तलफेत बराच वाटा मिठा-मसाल्याचा असतो, तो इथे भागतो.

एप्रिल-मे महिन्यात तयार शेक बॅगेत घेऊन फिरू नका, दुधातला किंवा ताकातला तर नाहीच. कोरड्या डबीत पावडर न्या आणि ऑफिसात पाणी घाला. घरून नेलाच तर बर्फासकट थर्मासमध्ये.

गॅस, जुलाब: दोष कशाचा?

बायपासनंतर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, अनेकांना पचेनाशी होते. २०० मिली दुधात ती नऊ-दहा ग्रॅम असते, व्हे कॉन्सन्ट्रेटमध्येही (व्हेचा कमी गाळलेला प्रकार) थोडी असतेच. आधी दुधाऐवजी पाण्यात करून बघा. तरी त्रास झाला तर आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज जवळजवळ काढलेलं असतं. तरीही झाला तर सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन दिवस थांबा, नाहीतर गुन्हेगार सापडत नाही. ‘शुगर फ्री’ प्रोटीन बारमध्ये गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल हेही जुलाबाचं नेहमीचं कारण.

सतत उलट्या होत असतील, चोवीस तास पाणीही टिकत नसेल किंवा पोटात जोराची कळ असेल, तर शेक बदलत बसू नका, सर्जनकडे जा. दुसरीकडे कॅज्युअल्टीत जावं लागलं तर ऑपरेशनचं आधी सांगा. बऱ्याच दिवसांच्या उलट्यांनंतर बी-१ जीवनसत्त्व न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

शेकवरच दिवस काढणं

द्रव आहाराचा टप्पा संपला तरी काही जण दिवसाला तीन शेक घेत राहतात, कारण ते सोपं असतं. पण शेक हा शेवटी द्रव, तो लवकर उतरतो. घट्ट पनीर किंवा चिकन जठरात जितका वेळ थांबतं तितका तो थांबत नाही. दिवसाचं प्रोटीन साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतं, नेमका आकडा डायटिशियन ठरवतील. ६० ग्रॅमचा एक हिशेब असा: सकाळी एक अख्खं अंडं आणि एक पांढरं, १० ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम पनीर आणि अर्धी वाटी घट्ट वरण, १२. चार वाजता शेक, २४. रात्री ५० ग्रॅम शिजलेलं चिकन, १४. शाकाहारी असाल तर रात्री २० ग्रॅम सुक्या सोयावड्यांची भाजी आणि १०० ग्रॅम दही, तेवढंच भरतं. सकाळी अंडं नको असेल तर ५० ग्रॅम पनीरची भुर्जी. एक शेक पुरतो तो असा.

सकाळी प्लेटभर पोहे खाऊन हा हिशेब जुळत नाही. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत कार्ब चाळिसाच्या जवळ आणि प्रोटीन चारेक ग्रॅम. पोह्यांची चव हवी तर आधी अंडं किंवा पनीर, मग दोन चमचे पोहे.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडावर ताण असेल, तर यातला कुठलाही आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका.

साखर उतरली आहे, तलफ नाही

गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं हलकं होतं आणि गोडच हवंसं वाटतं? बायपास झालेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. साखर एकदम चढते, इन्सुलिन जोरात सुटतं आणि साखर गरजेपेक्षा खाली येते. माणूस पुन्हा गोड खातो आणि चक्र फिरत राहतं.

अशा वेळी ग्लुकोमीटरने तिथल्या तिथे साखर बघा. ७०च्या खाली असेल तर शेक उपयोगाचा नाही, तो साखर पुरेशी लवकर वर आणत नाही. चहाचे तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, ग्लुकोज पाण्यातून घ्या, त्याहून जास्त नको. पंधरा मिनिटांनी परत मोजा. साखर सावरली की मग अर्धा शेक किंवा पनीरचे दोन तुकडे, म्हणजे ती पुन्हा घसरणार नाही. आकडा ५४च्या खाली आला, शुद्ध हरपली किंवा हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. मधुमेहाची जुनी गोळी किंवा इन्सुलिन त्याच मात्रेत चालू असेल तर आधी तिथे बघा. आणि साखर ९०-९५ असूनही खारी आठवत असेल, तर ती तलफ. तिचा इलाज उद्या चार वाजताचा.

गोळ्या आणि उपवास

लोहाची गोळी दुधातल्या शेकबरोबर घेऊ नका, कॅल्शियम लोहाला अडवतं. दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांतही तेवढंच. चहाबरोबर तर लोह नकोच.

संकष्टी, एकादशी, नवरात्र आलं की चार वाजताचा शेक पहिला सुटतो आणि साबुदाण्याची खिचडी येते. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कार्ब आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. शेंगदाण्याच्या कुटाने थोडं भरून निघतं, पण ताटलीभर खाऊन संध्याकाळी गरगरायला लागलं तर नवल नाही. व्हे हे दुधाचंच, चीज करताना उरलेल्या निवळीतलं. उपवासाला दूध चालतं त्या घरात बिनचवीचं व्हेही चालावं. कडक पाळणाऱ्यांनी डब्यावर सोया लेसिथिन (सोयाबीनपासूनचा घटक) आहे का ते बघावं. उपवासाच्या दिवशी आंबट नसलेलं दही ५० ग्रॅम, १५० मिली पाणी, ३० ग्रॅम बिनचवीचं व्हे, सैंधव आणि जिरं एवढं घुसळून दोन वेळा अर्धं-अर्धं घ्या, आणि खिचडीचे दोनच चमचे, तेही शेकनंतर अर्ध्या तासाने. निर्जळी उपवास मात्र ऑपरेशननंतर नको, देवाला सांगून ठेवा.