घटस्फोटानंतरची पोटगी: आकडा कसा ठरतो आणि तयारी कशी करावी

पोटगीसाठी कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती टक्के मिळते?’ असा असतो. कायद्यात असा टक्का कुठेही लिहिलेला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा रास्त मानला आणि तेव्हापासून २५ टक्क्यांचा आकडा तोंडोतोंडी झाला. न्यायाधीश मात्र त्याने बांधलेले नाहीत. प्रत्यक्षात रक्कम ठरते ती दोन्ही बाजूंनी दाखल केलेल्या कागदांवरून, आणि ते जमवण्याचे काम वकिलावर सोपवून भागत नाही.

अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा, हे आधी ठरवावे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम २४ दावा चालू असतानाच्या अंतरिम पोटगीसाठी आहे, तर कलम २५ खाली निकालाच्या वेळी किंवा त्यानंतरही कायमस्वरूपी पोटगी मागता येते. ही दोन्ही कलमे पती आणि पत्नी दोघांनाही खुली आहेत; नांदेडच्या एका शिक्षिकेने घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये द्यावेत, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला होता. विशेष विवाह कायद्याखाली मात्र हा हक्क केवळ पत्नीला आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले असून, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या घटस्फोटित स्त्रीला, तिने पुनर्विवाह केला नसेल तर, कोणत्याही धर्माची असली तरी त्याचा आधार घेता येतो. गोव्यात वाट थोडी वेगळी आहे, कारण तिथल्या नागरी कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता समाईक मानली जाते आणि आधी अर्ध्या वाट्याचा हिशेब होतो.

यानंतरचा टप्पा शपथपत्राचा, आणि सर्वाधिक वेळ द्यावा तो इथेच. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी असे ठरले की, अर्जदार आणि जाबदार या दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे शपथपत्र द्यायचे, तसेच पोटगी साधारणतः अर्जाच्या तारखेपासून लागू करायची. त्यामुळे तडजोडीच्या आशेने अर्ज लांबवला, तर तेवढ्या महिन्यांची रक्कम सहसा हातची जाते.

पगारदार असल्यास पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे खातेउतारे किमान तीन वर्षांचे जवळ ठेवावेत. समोरचा शेतकरी असेल तर सात-बारा आणि आठ-अ उताऱ्यांवर थांबू नये. कारखान्याची ऊसबिले, दूध संघाकडून जमा होणारी रक्कम आणि बाजार समितीतील पट्ट्या याच खऱ्या उत्पन्नाचा माग देतात. धंदेवाईकाचे विवरणपत्र तुटपुंजे दिसत असेल, तर गाडीचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी आणि घराचे भाडे दाखवावे, कारण राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची न्यायालयांना मुभा आहे. स्वतःचा घरखर्चही किराणा, औषधे, भाडे असा पावत्यांसह लिहावा. फुगवलेला एक आकडा उलटतपासणीत उघडा पडला की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो, हे अनेकांना उशिरा कळते.

न्यायालय या कागदांकडे पाहताना दोघांचे वय, शिक्षण, संसाराचा काळ, सासरचे राहणीमान, मुले कोणाकडे आहेत आणि पतीवर आई-वडिलांची जबाबदारी आहे का, हे सारे विचारात घेते. पत्नी कमावती आहे एवढ्यानेच तिचा अर्ज फेटाळला जात नाही. संसारासाठी नोकरी सोडली असेल तर राजीनाम्याचे पत्र अवश्य जोडावे. उलट, सक्तीच्या कपाती वजा होतात म्हणून दावा लागल्यावर नवे कर्ज काढून हातातला पगार कमी दाखवण्याची युक्ती सहसा चालत नाही. दुसऱ्या कायद्याखाली आधीच पोटगी मिळत असेल, तर ते सांगणे बंधनकारक आहे. ती रक्कम हिशेबात धरली जाते.

दरमहा घ्यावी की एकरकमी, याचे उत्तर समोरच्याच्या नियमितपणावर अवलंबून आहे. जो अंतरिम पोटगीही थकवतो, त्याच्याकडून एकरकमीच बरी, असे माझे मत आहे. दरमहाची रक्कम प्राप्तिकरात उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम सहसा भांडवली, म्हणजे करपात्र उत्पन्न नव्हे, अशी मानली जाते. मासिक पर्याय घेतल्यास तडजोडीच्या अटींत वाढीचे कलम घालून घ्यावे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला आहे. परिस्थिती बदलल्यास, किंवा पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास, कलम २५ खालील आदेश बदलून किंवा रद्द करून मागता येतो.

पैसे थकले, तर कलम १४४ खालील वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्यात प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. म्हणून देणाऱ्यानेही रक्कम रोख न देता बँक खात्यातूनच पाठवावी आणि नोंदीत महिना लिहावा.