जुन्या मोटरबोटीला रंग देण्याआधी मीठ काढा

मुंबईच्या खाऱ्या हवेत बोटीचा रंग सुटतो तो बहुतेक वेळा खाली राहिलेल्या मिठामुळे आणि ओलीमुळे. म्हणून फायबरची बोट घासण्याआधीच गोड्या पाण्याने भरपूर धुवा. आधी घासलीत तर मीठ ओरखड्यांत जाऊन बसतं. मग सावलीत वाळू द्या. वाळली का हे बघायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर थांबा, कितीही घाई असली तरी.

तळाचा जुना रंग पाणी लावूनच घासा, तोंडाला मास्क हवाच. शेवाळ-शिंपले रोखणाऱ्या त्या रंगाची धूळ विषारी असते. खड्डे इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारी राळ) लांबीने भरा, वर इपॉक्सी प्रायमर. उन्हात इपॉक्सी पांढुरकं पडतं, म्हणून पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागाला शेवटचे हात पॉलियुरेथेन रंगाचे द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला मात्र तांबंयुक्त रंग अजिबात नको, पत्रा खाल्ला जातो.

पावसाळ्यात या कामाला हात घालू नका. डिसेंबर-जानेवारी उत्तम, तेही दव सुकल्यावर सुरू करून संध्याकाळच्या आत संपवायचं.