नवी राणी आणण्याआधी पेटी खरंच पोरकी आहे का बघा

कोल्हापूरच्या भुदरगड, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात पावसाळ्यानंतर मधमाश्यांच्या पेट्या उघडल्या, की दर वर्षी तोच गोंधळ होतो. पोळ्याच्या चौकटीत अंडी दिसत नाहीत, म्हणजे राणी मेली, पेटी पोरकी झाली असं धरून माणूस विकतची राणी आणतो आणि सोडतो. दुसऱ्या दिवशी ती पेटीच्या दारात मरून पडलेली असते.

अंडी नाहीत म्हणजे राणी नाही, असं नसतं. पावसात म्हातारी राणी गेली, की कामकरी माशा तिच्याच कोवळ्या अळ्यांतून नवी घडवतात. अंड्यापासून साधारण सोळाव्या दिवशी ती बाहेर येते. पण नरांशी मिलनासाठी तिला उडायला उघडीप लागते. आपल्याकडे झड लागली की ते उड्डाण लांबतं. तोवर ती आत असते, सडपातळ, बुजरी, चौकट उचलली की पळणारी. माशा तिलाच आपली मानतात आणि तुमच्या पैशाच्या राणीला घेरून मारतात.

खात्री करायला खर्च शून्य. जोमदार पेटीतली ताजी अंडी आणि बारीक अळ्या असलेली एक चौकट, माशा झटकून, संशयित पेटीत ठेवा. चौथ्या दिवशी बघा. खाली तोंड करून लोंबणारी राणीघरं बांधायला घेतली असतील, तर पेटी पोरकी. नसतील बांधली, तर राणी आत आहे. दोन आठवडे थांबा. पेटीवर टिचकी मारली की पोरकी पेटी बराच वेळ घुमत राहते, असा माझा अनुभव आहे, पण तेवढ्यावर राणी विकत घेऊ नका.

पोळ्याच्या एका घरात दोन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर कामकरी माशाच अंडी घालतायत. सातेरीत, म्हणजे आपल्या देशी मधमाशीत, हे फार लवकर होतं. तिथे नवी राणी वाया जाते. त्या माशा दुसऱ्या पेटीत मिसळा.

पेटी पोरकी ठरली, तर:
– सगळी राणीघरं मोडा, एकही ठेवू नका
– नव्या राणीचा पिंजरा संध्याकाळी, अळ्यांच्या दोन चौकटींमध्ये, जाळी मोकळी ठेवून
– पिंजऱ्याच्या तोंडाला पिठीसाखर आणि स्वतःच्या पेटीतल्या मधाचा घट्ट गोळा, त्यावर झाकण
– साखर-पाणी समभाग पाक, रोज संध्याकाळी, आतच
– पेटीचं दार अरुंद, पेटीच्या पायांना मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या

पिठीसाखर घरीच मिक्सरवर काढा, बाजारच्या पुड्यात बऱ्याचदा स्टार्च असतो. दुकानदार ‘राणी पटकन स्वीकारतील’ म्हणून फवारा गळ्यात मारेल. त्या पैशाची साखर आणा. आणि सातेरीच्या पेटीत युरोपियन मेलिफेराची राणी कोणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा. त्या जातीच वेगळ्या.

परतीच्या पावसाचं सावट असेल तर राणी आणूच नका. फुलोरा धुऊन गेला की उपाशी माशा चिडक्या होतात, शेजारच्या पेट्या लुटायला येतात.

तिसऱ्या दिवशी पिंजरा बघा. माशा जाळी चावत असतील, बोटानेही हटत नसतील, तर राणी सोडू नका. आधी राहिलेलं राणीघर शोधा, ते बहुतेक सापडतंच. सैल फिरत, जिभेने भरवत असतील, तर गोळ्यावरचं झाकण काढा आणि आठवडाभर चौकटींना हात लावू नका. आठव्या दिवशी मधली एकच चौकट काढा, ऊन पाठीवर घ्या आणि घरांच्या तळाशी अंडी आहेत का तेवढं बघा. राणी शोधत बसू नका.