इंग्लंडात भाड्याच्या घरात मोल्ड (बुरशी) आलाय? काउन्सिलला (तिथल्या पालिकेला) कामाला कसं लावायचं

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, काउन्सिलचा माणूस घर किती जुनाट आहे ते बघायला येत नाही, या घरामुळे राहणाऱ्याच्या तब्येतीला काय होऊ शकतं ते बघायला येतो. त्यामुळे "कार्पेट खराब आहे, रंग उडालाय" एवढंच लिहिलंत तर फारसं काही होत नाही, "बाहेरच्या भिंतीला मोल्ड आहे, तिथेच पोराचा पलंग आहे आणि त्याला दमा आहे" असं लिहा. (हे इंग्लंडपुरतं बरं का, स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळेत.)

पण पहिली मेल लँडलॉर्डला किंवा एजंटला. फोनवर बोलणं झालं असलं तरी मागाहून "आज आपलं असं असं ठरलं" एवढी दोन ओळींची मेल टाकाच. फोटो काढताना डागाशेजारी पट्टी धरा, आठवड्याने तोच फोटो परत काढा म्हणजे डाग वाढतोय हे दिसतं. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) गेला असाल तर तारीख लिहून ठेवा. तरी काही हललं नाही की काउन्सिलच्या वेबसाईटवर 'प्रायव्हेट सेक्टर हाउसिंग' नाहीतर 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ' शोधून तिथे तक्रार करा आणि रेफरन्स नंबर घ्या, मेन नंबरवर फोन लावून होल्डचं म्युझिक ऐकत बसू नका, मी बसलोय.

इन्स्पेक्शनच्या आधी ऑफिसर तुम्हाला निदान 24 तासांची नोटीस देतो. आमच्याकडे लँडलॉर्डही हजर झाला आणि सुरूच झाला, हे लोक घरात कपडे वाळवतात, झाकण न ठेवता भात शिजवतात, वगैरे. ऑफिसरने ऐकून घेतलं, ओल मोजायचं दोन टोकांचं मीटर भिंतीला खालपासून वरपर्यंत टोचत गेला, मग बाहेर जाऊन वर बघितलं. छपराची पन्हळ सांध्यात फुटलेली आणि विटांवर हिरवा ओघळ, बरोब्बर आमच्या डागामागे! कपड्यांचा विषय तिथेच संपला.

हाउसिंग ॲक्ट 2004 खाली असे 29 प्रकारचे धोके मोजतात, डॅम्प (ओल)-मोल्ड, थंडी, जिने, वायरिंग, गर्दी असं सगळं. गंमत म्हणजे मार्क देताना तुमचं वय बघत नाहीत, त्या धोक्याचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांना होतो ते धरतात, मोल्डला 14 पर्यंतची मुलं आणि थंडीला 65 आणि त्यापुढचे. म्हणून "आम्ही तरुण आहोत, चालवून घेऊ" म्हणून गप्प बसू नका. निकाल कॅटेगरी 1 (म्हणजे गंभीर धोका) आला तर काउन्सिलला काहीतरी कारवाई करावीच लागते, 2 आला तर तिच्या मर्जीवर, त्यामुळे कॅटेगरी कोणती ते मेलवर मागून घ्या.

पुढे बहुतेक वेळा इम्प्रूव्हमेंट नोटीस (लँडलॉर्डला दुरुस्तीचा हुकूम) निघते. त्यात काम सुरू करायची तारीख 28 दिवसांच्या आतली देता येत नाही आणि लँडलॉर्ड 21 दिवसांत ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपीलही करू शकतो, म्हणजे धीर धरा. नोटीस धाब्यावर बसवली तर तो गुन्हा आहे. जिवावरचं असेल तर काउन्सिल स्वतः काम करून त्याच्याकडून पैसे वसूल करते.

"तक्रार केली तर घराबाहेर काढेल" ही भीती सगळ्यांनाच असते, पण कारण न देता बाहेर काढायची सेक्शन 21 ची सोय रेंटर्स राइट्स ॲक्ट 2025 ने 1 मे 2026 पासून बंद केलीय.

आणि शेअरिंगमध्ये राहताय, पाच किंवा जास्त लोक, एका कुटुंबातले नाहीत, किचन-बाथरूम कॉमन? मग त्या घराला एचएमओ (वेगवेगळ्या कुटुंबांतले लोक शेअर करतात असं घर) लायसन्स लागतं आणि 6.51 चौरस मीटरपेक्षा लहान खोलीत एकटा मोठा माणूससुद्धा झोपवता येत नाही. लायसन्स आहे का ते काउन्सिलच्या रजिस्टरमध्ये बघा, नसेल तर ट्रायब्युनलकडून भाडं परत मागता येतं.

काम झाल्यावर घाई करून रंग मात्र मारू देऊ नका. आमची भिंत पन्हळ बदलल्यावरही बरेच आठवडे ओली होती.