मुलीची पाळी लांबते आणि मान काळवंडते तेव्हा

मुलीच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसू लागला की आई तो मळ समजून घासू लागते, आणि मुलीची कातडी सोलवटते. तसे करू नये, कारण रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. शरीर इन्सुलिनला पुरेसे दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक तयार करते, आणि हे जादा इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. पाळी लांबणे, हनुवटीवर राठ केस येणे आणि मुरुमे न हटणे हे त्यातून घडू शकते. या त्रासाला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणतात, आणि तो सडपातळ मुलींनाही होतो.

प्रथम प्रत्येक पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष अनियमितता स्वाभाविक असते. पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांत 21 पेक्षा कमी किंवा 45 पेक्षा जास्त दिवसांचे, आणि त्यानंतर 35 पेक्षा जास्त दिवसांचे अंतर वारंवार पडत असेल, पहिल्या वर्षानंतर एकदाही 90 दिवस उलटले असतील किंवा वयाच्या 15 वर्षांपर्यंत पाळीच आली नसेल, तर ही नोंद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

सोनोग्राफीचा आग्रह मात्र धरू नये. या वयात बीजांडकोशात अनेक बीजपुटिका (बीज वाढणाऱ्या बारीक पिशव्या) दिसणे सामान्य असल्याने, पाळी सुरू झाल्यापासून 8 वर्षांपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

घरी मुलीला उपाशी ठेवू नये. सकाळच्या चहा-बिस्किटांऐवजी मुगाचे धिरडे किंवा भरपूर शेंगदाणे-मटार घातलेले पोहे द्यावेत. जेवणात भाकरीबरोबर मोडाची उसळ, कोशिंबीर आणि ताक असावे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी मानली जाते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, म्हणून त्या दिवशी वरी, दही आणि फळे बरी. रोज तासभर खेळ किंवा भरभर चालणे आणि किमान 8 तास झोप हवी. हे नियम एकट्या मुलीवर लादले तर तिला ती शिक्षा वाटते. ताट आणि झोपेची वेळ घरात सर्वांचीच बदलावी, आणि तिच्या वजनावर पाहुण्यांसमोर एक शब्दही काढू नये.

मेटफॉर्मिन (शरीराला इन्सुलिनला दाद द्यायला मदत करणारे औषध) किंवा संप्रेरकांच्या गोळ्या शेजारणीच्या सल्ल्याने सुरू करू नयेत. दवाखान्यात काही मिनिटे तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे. केसांविषयीची लाज ती कदाचित आईसमोर उच्चारणार नाही.